जेजे आर्किटेक्चर अभिमत विद्यापीठात गेलं, ते योग्यच झालं

निळीप्रत

2023 मध्ये मुंबईच्या फोर्टमधल्या जेजेच्या (सर जमशेटजी जीजीभॉय) आवारातली कला, उपयोजित कला आणि वास्तुशास्त्र ही तिन्ही सरकारी महाविद्यालयं मिळून अभिमत (डीम्ड) विद्यापीठ झालं, म्हणजे स्वतःची पदवी देणारी संस्था. तेव्हापासून आमच्या माजी विद्यार्थ्यांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, वारसा बुडाला. माझं मत अगदी उलट आहे.

वारसा म्हणजे नेमकं काय, ते बघा. 1857 ची कलाशाळा जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून उभी राहिली. तिथे 1896 साली सुरू झाला तो ड्राफ्ट्समनचा वर्ग. साहेबाच्या इमारतींचे नकाशे उतरवायला हात हवे होते, एवढाच त्याचा हेतू. 1908 मध्ये सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांनी त्याला रीतसर अभ्यासक्रमाचं रूप दिलं. मग आले क्लॉड बॅटली. मुंबई सेंट्रल स्टेशन ज्यांनी केलं, ते. 1923 पासून वीस वर्षं त्यांनी विभाग सांभाळला आणि मुलांच्या हाती टेप देऊन त्यांना जुन्या देशी इमारती मोजायला लावल्या. खांब, तुळई, जाळी, ओटा, सगळं मोजायचं आणि मापात काढायचं. इमारत डोळ्यांनी दिसते त्याहून हातांनी जास्त कळते, हे शिक्षण तिथलं. पुढे 1952 मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्नता आली आणि 1958 मध्ये कलाशाळेपासून वेगळं महाविद्यालय झालं.

म्हणजे ही संस्था दर पिढीला रूप बदलतच आली. आता पदवी स्वतःची, अभ्यासक्रमही स्वतःचा. कोकणातला चिरा, देशावरचा वाडा, गिरणगावातली चाळ यांचं मोजणीकाम एका सहलीपुरतं न ठेवता पूर्ण सत्राचा स्टुडिओ करता येईल. शेजारच्या इमारतीत शिल्पकला शिकणारा मुलगा आपल्या ज्यूरीला, म्हणजे आराखड्यांच्या तोंडी परीक्षणाला, बसू शकेल. हे मुंबई विद्यापीठाच्या मोठ्या गाड्याला बांधलेलं असताना होणार नव्हतं.

मालवणी

निळीप्रत, इतिहास बरोबर सांगितलात, पण त्यातली एक गोष्ट गाळलीत. नाव बदललं, वर्ग वाढले, तरी खर्चाचा मुख्य भार सरकारच्याच खांद्यावर राहिला. म्हणून तर माझ्यासारखा आत आला.

माझे वडील सुतार. नव्वदच्या दशकात मी सरकारी महाविद्यालयात बी.आर्क. (वास्तुशास्त्राची पदवी) केलं. शुल्काची घरी कधी चर्चाच झाली नाही. चर्चा व्हायची ती नकाशे काढायच्या रोट्रिंग पेनच्या संचाची, कार्ट्रिज शीटची आणि मॉडेलच्या माउंटबोर्डाची, कारण वर्षाच्या शुल्काहून तो खर्च मोठा होता. सबमिशनच्या आदल्या रात्री वडिलांनीच साग तासून मला मॉडेलचं छप्पर करून दिलं होतं. आमच्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे याच जेजेत शिकले, हार्वर्डला गेले आणि पुढे आयआयटी कानपूर उभारलं. आमच्या भागातल्या पोरांना हा रस्ता माहीत आहे, आणि तो फोर्टातून जातो.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा एका खासगी अभिमत संस्थेत नंबर लागला होता. पहिल्या वर्षाचा आकडा ऐकून भावोजी कागद पिशवीत घालून घरी परत आले. म्हणून ‘अभिमत’ शब्द ऐकला की माझ्या पोटात खड्डा पडतो. अभ्यासक्रम सुधारायला हवा, हे मान्य. पण आत कोण येणार, हे आधी ठरवा.

टी-स्क्वेअर

अभ्यासक्रम ‘स्वतःचा’ म्हणताना जरा जपून. 1972 च्या वास्तुविशारद कायद्याखाली देशभरातल्या या शिक्षणाचे किमान निकष ठरवणारी वास्तुकला परिषद आहेच. पाच वर्षं, दहा सत्रं, त्यात ऑफिसातलं प्रशिक्षण हा सांगाडा कुणालाच मोडता येत नाही. मोकळीक आहे ती सांगाड्याच्या आत. तेवढ्यासाठी सरकारी छत्र सैल करायचं का, हा प्रश्न मलाही पडतो.

निळीप्रत

सांगाड्याच्या आतच तर शिक्षण घडतं! बाळकृष्ण दोशी जेजेत शिकले आणि 1962 मध्ये अहमदाबादेत त्यांनी वास्तुकलेची स्वतंत्र शाळा काढली. स्टुडिओत काय चालावं हे शिकवणाऱ्यांनीच ठरवलं, म्हणून ती शाळा नावारूपाला आली.

मालवणी, शुल्काची तुमची काळजी खरी आहे. तुमच्या वडिलांनी तासलेलं ते छप्पर वाचून मी थांबलो. पण भीतीपोटी संस्था आहे तिथेच ठेवायची, हे मला पटत नाही.

मालवणी

अहमदाबादचं उदाहरण काढलंत ते बरं झालं. त्या शाळेचं विद्यापीठ 2005 मध्ये झालं, ते गुजरात विधिमंडळाच्या कायद्याने. आपल्याकडेही जेजेसाठी राज्याच्या कायद्याने स्वतंत्र कला विद्यापीठ करा, अशी मागणी होती. स्वातंत्र्य मिळालं असतं आणि जबाबदारी विधानसभेत विचारता आली असती. शिवाय अहमदाबादचं आजचं शुल्क लाखांत आहे, तेही त्याच उदाहरणात धरा.

तुमचा मोजणीचा स्टुडिओ मला मनापासून हवा आहे. वाडा मोजायला मी स्वतः मुलांबरोबर येईन, टेपचं दुसरं टोक धरीन. फक्त दहा वर्षांनंतरचं शुल्क आणि आरक्षित जागा कुठल्या लेखी नियमाने बांधल्या आहेत, तो कागद कुणीतरी इथे लावा. भाची पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश परीक्षा देतेय.