सल्ला हवाय: हिंजवडीची नोकरी आणि मालिकालेखन

तळटीप_ताई
नमस्कार मंडळी. वय २७, हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी दोन एकांकिका लिहिल्या, त्यातली एक अंतिम फेरीला गेली. तेव्हाच्या ग्रुपमधला एक जण आता मुंबईत एका मालिकेवर क्रिएटिव्ह आहे. त्याने विचारलंय, संवाद लिहिशील का? आधी तीन 'ट्रायल' एपिसोड, जमलं तर पुढे. आई म्हणते नोकरीला हात लावायचा नाही.
पुण्यात राहून हे जमतं का? आधी एफटीआयआयचा कोर्स करावा का? आणि पुढेमागे स्वतः निर्माती व्हायचं झालं तर वाट कुठून जाते? 'मनाचं ऐक' एवढंच लिहिणाऱ्यांना आगाऊ धन्यवाद.

चकटफू
ट्रायलचे पैसे मिळणार का, ते आधी विचारा. बाकीचं नंतर.

पानावरचा_माणूस
अकरा वर्षं हेच करतोय, त्यातली सात कर्वेनगरातून. जमतं. संवादलेखक सेटवर लागत नाही, फोनवर लागतो. मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. तुझ्याकडे पटकथा येणार रात्री साडेदहाला आणि सीन हवे असणार सकाळी सातला, कारण नऊच्या शिफ्टला नटांच्या हातात कागद पडायला हवेत. अर्ध्या तासात जाहिराती वगळून २२ मिनिटांच्या आसपासचा मजकूर, आठवड्याला सहा भाग. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, असेल तर माणसासारखं जगता येतं. बँक संपली की आज शूट, उद्या टेलिकास्ट. मग नायिकेला डेंग्यू झाला की तिला रातोरात माहेरी तूच पाठवायचंस, आणि गुरुवारी टीआरपी आल्यावर परतही तूच आणायचंस.

एकांकिकावाल्यांची एक खोड असते, मलाही होती. शेवट आधी सुचतो आणि सगळं त्याच्याकडे धावत सुटतं. इथे शेवटच नसतो. बाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत एक सीन काढावा लागतो, आणि तो खोटा वाटून चालत नाही. ज्यांना हे हलकं काम वाटतं ते तीन महिन्यांत गळतात. शिवाय प्रेक्षक बघत नसतो, ऐकत असतो. म्हणून नाव घेऊन हाक मारायची, नातं वाक्यातच सांगून टाकायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. आई टीव्हीकडे पाठ करून पोळ्या लाटायची आणि तरी तिला सगळी गोष्ट ठाऊक असायची, त्यावरून कळलं.

पैसे: माझा पहिला चेक भाग दिसल्यावर चार महिन्यांनी आला. एकाकडून १८ भागांचे अजून यायचेत, नाव घेत नाही. तेव्हा नोकरी आत्ता सोडू नकोस. स्वतःची कथा कुणाला ऐकवणार असशील तर आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदव, ऑनलाइन होतं. करार सही करण्याआधी वकिलाला दाखव. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाच्या नावे करून देता येत नाही, तरी 'सर्व हक्क कायमचे' छापलेले कागद येतातच.

सिंहगडाचा_टॉवर
निर्मातीचं विचारलंत म्हणून. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसू लागलं. तेव्हा निर्माता म्हणजे पगारी माणूस. विनायक चासकर, विजया जोगळेकर-धुमाळे ही मंडळी केंद्रावर निर्माते होती, खिशातले पैसे घालायचा प्रश्नच नव्हता. १९८४ ला 'हम लोग' आली, प्रायोजक आले आणि 'निर्माता' या शब्दाचा अर्थ पालटला. (तिचे लेखक मनोहर श्याम जोशी त्याआधी साप्ताहिकाचे संपादक. सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा उपदेश जास्त झाला, लोक कंटाळले, मग त्यांनी घरातली माणसं आणि भांडणं पुढे आणली. चालत्या मालिकेची दिशा बदलणं आजचं नाही.) आता वाहिनी भागामागे ठरलेली रक्कम देते. सेट तुम्ही उभारायचा, ती रक्कम हातात येईपर्यंत खर्च तुम्ही रेटायचा, आणि मालिकेचे हक्क बहुतेक वेळा वाहिनीकडे. त्यामुळे लेखनातून तिकडे गेलेले लोक आधी कथा-पटकथेपर्यंत चढतात, वाहिनीत ओळख होते, मग पैसेवाला भागीदार शोधतात.
एफटीआयआयचा टीव्ही विभाग १९७४ पासून लॉ कॉलेज रोडवर आहे. दिग्दर्शन, संकलन शिकायचं असेल तर जरूर. संवादांसाठी थांबू नका.

तळटीप_ताई
सगळ्यांचे आभार. पैशांचं विचारलं. म्हणाला, "बघू."

चकटफू
झालं.

पानावरचा_माणूस
एक भाग फुकट दे, तीन नको. तीन म्हणजे त्यांचा अर्धा आठवडा निघतो.