छंदाचे पैसे आधीच धरा

लवकर निवृत्त होण्याबद्दल बरेच जण 'वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमले की नोकरी सोडायची, छंदांना काय पैसे लागतात' असं म्हणतात. दोन्हींवर थोडं.

२५ पटीचा हिशेब अमेरिकन आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या अभ्यासावरून आलाय. त्यात अमेरिकेतले शेअर आणि रोखे होते, आणि मुदत ३० वर्षांची. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला पैसा चाळीसेक वर्षं पुरवायचाय, तोही आपल्याकडच्या महागाईत. मी तरी ३३ पट धरतो.

आणि छंद फुकट? वाचन, फिरणं ठीक. पण कॅमेऱ्याच्या लेन्सा, हिमालयातले ट्रेक, गाण्याची शिकवणी यांचे महिना १०,००० धरले तर वर्षाचे १,२०,०००. पंचवीस पटीने ३० लाख, माझ्या हिशेबाने जवळपास ४०. हा आकडा आत्ताच धरलेला बरा. नोकरीत वेळ नसतो म्हणून छंदावरचा खर्च कमी दिसतो. सोमवार ते शुक्रवार मोकळे झाले की तोच फुगतो. कंपनीचा आरोग्य विमाही जातो, स्वतःचा आधीच घेऊन ठेवा.

आणि जमवलेला पैसा कुणाला सांगायचा म्हणाल तर बायकोला किंवा नवऱ्याला पै न् पै माहीत हवी. बाकी नातेवाइकांना आकडा कशाला? एकदा कळला की कुणाच्या तरी फ्लॅटचं डाउन पेमेंट अडलेलंच असतं. 'सध्या काय करतोस?' विचारलं तर मी 'गाणं शिकतोय' सांगतो. मग पगाराचा विषय निघत नाही, फार तर गाऊन दाखव म्हणतात.