आईबाबांना घेऊन न्यू फॉरेस्ट, गाडीतून किती पायी किती?

चहाबाज: मंडळी, आईबाबा आलेत पुण्याहून, आईचे गुडघे बोलायला लागलेत पण लंडन बघून कंटाळली, तिला आता झाडं बघायचीयत. र्‍हाइनफील्डचा ऑर्नामेंटल ड्राइव्ह, म्हणजे न्यू फॉरेस्टच्या रानातला उंच झाडांमधला रस्ता, शनिवारी करावा म्हणतोय. नुसतं गाडीतून भागतं का? चालणं तासाभराच्या आतच हवं.

भटकी_मावशी: उतर रे बाबा, नाहीतर रस्ता दहा मिनिटांत संपतो आणि बाबा म्हणतील एवढ्यासाठी आणलंस? ब्लॅकवॉटरला गाडी लाव, तिथून टॉल ट्रीज ट्रेल, अडीच किलोमीटरच्या आसपास फेरा, वाट सपाट, माझ्या सासूबाई काठी टेकत आरामात आल्या. डग्लस फर, रेडवुड, सगळी 1859 च्या लागवडीतली, आणि ते दोन जायंट सिक्वोया आहेत ना, त्यांच्या सालीवर बुक्की मारून बघा, हाताला लागतच नाही, गादीसारखी दबते. तेही जमलं नाही तर तिथलंच छोटं आर्बोरेटम, म्हणजे झाडांची बाग, आहे, तेवढं बघून परत.

डिकीत_डबा: A35 हायवे ओलांडलात की सरळ बोल्डरवुडचा ड्राइव्ह. आधी नाइटवुड ओक बघा, घेर 7 मीटरच्या वर, जुन्या काळी फांद्या वरून छाटत राहिले म्हणूनच एवढा जगलाय. तोडलेला पट्टा, ओंडक्यांची रास दिसली तर हळहळू नका, हे राखलेलं रान आहे, तोड-लागवड चालायचीच. पुढे हरणं बघायचा मचाण पार्किंगच्या जवळच आहे. आणि स्पीड 40 मैलांच्या खालीच ठेवा, रानात मोकळे फिरणारे घोडे रस्त्यात मधोमध उभे राहतात, आमच्यापुढे एक शिंगरू आडवं झोपलं होतं, हॉर्न मारून काही उपयोग नाही, आम्ही थर्मास काढला.

सोलापूरकर_साउथॅम्प्टन: ब्रॉकनहर्स्टकडून या, तिथे मीरत (म्हणजे आपलं मेरठ) रोड आहे, पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं गावात, त्यावरून नाव.

चहाबाज: अरे वा, बाबा आर्मीतून रिटायर, आता तेच मागे लागणार! मावशी, आई विचारतेय बाकावर बसून पोहे खाल्ले तर चालतील ना?

भटकी_मावशी: चालतील, पण घोडा दिसला की डबा बंद. त्यांना खायला द्यायला बंदी आहे आणि ते मागत नाहीत, सरळ तोंड घालतात.