ईल-द-सॅं: 1936 मधील 1,328 माणसे कोठे गेली?

प्रश्न (किनारवाचक)

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीतील फिनिस्तेर विभागात ईल-द-सॅं नावाचे एक सखल बेट आहे. प्रशासनाच्या दृष्टीने ते स्वतंत्र ‘कम्यून’ आहे, म्हणजे बेटाला स्वतःचा महापौर आणि स्वतःची नगरसभा आहे. 1936 च्या जनगणनेत येथे 1,328 रहिवासी नोंदले गेले. 1999 मध्ये केवळ 242. जून 1940 मध्ये बेटावरील बहुतेक धडधाकट पुरुष होड्यांतून इंग्लंडला निघून गेले, हे वाचल्यापासून युद्धानेच हे गाव ओस पाडले असे मी धरून चाललो होतो. माझी ही समजूत बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर 1 (जुनेनकाशे)

युद्धात या गावाने फार सोसले, यात शंका नाही. इंग्लंडला गेलेल्या सुमारे 130 पुरुषांपैकी वीसहून अधिक जण पुन्हा घरी आले नाहीत, आणि एवढ्याशा वस्तीत असे घर क्वचितच असेल ज्याला त्याची झळ बसली नाही. परंतु हजारावर माणसांची घट या मृत्यूंतून निघत नाही.

माझ्या मते आपली तुलना जेथून सुरू होते, ते वर्षच तपासायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेटावर चारशेपेक्षा कमी माणसे राहत होती. पुढे शेवंडाच्या मासेमारीला चांगला भाव मिळू लागला आणि उत्तर ब्रिटनीतील पँपोल परिसराचे कोळी हंगामापुरते कुटुंबकबिल्यासह येथे येऊ लागले. वस्ती वाढली ती या काळात. म्हणजे 1936 चा आकडा हा चढाच्या काळातला आहे. तो बेटाचा नेहमीचा आकडा मानला, तर पुढची सगळी घट एखाद्या आपत्तीसारखी भासते.

जमिनीचा विचार केला तर ही वस्ती किती दाट होती ते ध्यानात येईल. बेटाचे क्षेत्रफळ 60 हेक्टरांहूनही कमी, समुद्रसपाटीपासून सरासरी उंची जेमतेम दीड मीटर, आणि खाऱ्या वाऱ्यामुळे झाडे जवळजवळ नाहीतच. दगडी गडग्यांनी आखलेल्या चिमुकल्या वाफ्यांत बायका बार्ली आणि बटाटे पिकवीत, शेवाळ गोळा करून वाळवीत. पुरुष समुद्रावर असत. या मातीवर तेराशे माणसे जगणे शक्यच नव्हते, ती समुद्रावर जगली. त्यामुळे युद्धानंतरच्या दशकांत मासेमारीचे उत्पन्न घटले, तरुण व्यापारी जहाजांवर आणि नौदलात नोकरीला लागले, मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी मुख्य भूमीवर बिऱ्हाड करणे भाग पडले, तेव्हा कुटुंबे एकेक करून मुख्य भूमीवरील ओदिएर्न बंदराकडे आणि त्याहून दूर सरकत गेली. दीपगृहांवरील नोकऱ्याही गेल्या. बेटाच्या पश्चिमेला भर समुद्रातील खडकावर उभे असलेले आर-मेन दीपगृह 1990 मध्ये स्वयंचलित झाले.

उत्तर 2 (दीपस्तंभ)

1940 च्या प्रसंगाविषयी थोडी भर घालतो, कारण त्यातील एक आकडा अनेकदा चुकीच्या अर्थाने सांगितला जातो. लंडनला गेलेले फ्रेंच सेनानी जनरल द गोल यांचे जर्मनीविरुद्ध लढा चालू ठेवण्याचे आवाहन रेडिओवरून बेटावर पोहोचल्यानंतर 24 आणि 26 जून रोजी मासेमारीच्या होड्या इंग्लंडकडे निघाल्या. लंडनमध्ये द गोल यांनी जमलेल्या स्वयंसेवकांची पाहणी केली, तेव्हा एकामागून एक जण आपले गाव ‘सॅं’ असे सांगू लागला, आणि हे बेट म्हणजे फ्रान्सचा चौथा हिस्साच आहे की काय, असे उद्गार त्यांनी काढले, असे सांगतात. येथे ‘चौथा हिस्सा’ आहे तो त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या काहीशे माणसांचा. तरीही त्या पहिल्या आठवड्यांत किती थोडे लोक द गोल यांच्याकडे गेले होते, हे ध्यानात घेतले की या गावाचे मोल कळते. 1 जानेवारी 1946 रोजी बेटाला ‘कंपान्यों द ला लिबेरास्यों’ (मुक्तीचे साथी) हा सन्मान देण्यात आला. तो मिळालेल्या कम्यून केवळ पाच आहेत: पॅरिस, नाँत, ग्रनोब्ल, वासिय-आँ-व्हेर्कोर आणि ईल-द-सॅं. 1960 मध्ये स्वतः द गोल बेटावरील स्मारकाच्या अनावरणाला आले होते.

किनारवाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 1936 हे शिखराचे वर्ष असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते. आणखी एक शंका आहे. मी माझ्या टिपणात या गावाला ‘फ्रेंच भाषिक’ म्हटले आहे. ते योग्य ठरेल का? आणि सध्याचा आकडा किती धरावा?

उत्तर 3 (जुनेनकाशे)

आजच्या गावापुरते ते योग्य आहे. 1940 मध्ये गेलेल्या पिढीविषयी लिहिताना मात्र जपून लिहावे. त्यांची घरातली आणि होडीवरची भाषा ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीची स्वतःची भाषा होती, फ्रेंच त्यांनी शाळेत आणि नौदलात आत्मसात केली. स्मारकावरील ‘केंतोख मेर्व्हेल’, म्हणजे ‘त्यापेक्षा मरण बरे’, हे शब्दही ब्रेतोंच आहेत.

सध्याचा अधिकृत आकडा अडीचशेच्या आसपास धरावा, म्हणजे 1999 पासून घसरण बऱ्याच अंशी थांबलेली आहे. तथापि हा आकडा जनगणनेत बेटावर नाव असलेल्यांचा आहे. बरीच घरे आता केवळ उन्हाळ्यात उघडतात. हिवाळ्यात ओदिएर्नची बोट उधाणामुळे रद्द होते, त्या दिवसांत प्रत्यक्ष राहणारी माणसे त्याहून बरीच कमी असतात, तर ऑगस्टमधील एखाद्या दुपारी पर्यटकांमुळे गर्दी कित्येक पटींनी वाढते. आपल्या टिपणात आकड्यासोबत वर्ष आणि ‘जनगणनेनुसार’ हा शब्द अवश्य द्यावा.