श्रिंक पॅकला उचलायला हँडल लावायचंय, अनुभवी लोकांचा सल्ला हवा

भीमाकाठची
नमस्कार मंडळी. पंढरपूरच्या अलीकडे आमचा बाटलीबंद पाण्याचा छोटा प्लांट आहे. मी आणि माझे धाकटे दीर मिळून चालवतो. एक लिटरच्या बारा बाटल्या, तीन बाय चार मांडून, वरून श्रिंक फिल्म, म्हणजे गरम केली की आवळून बसणारं प्लास्टिक. पुठ्ठ्याचा बॉक्स बंद करून दोन वर्षं झाली.

अडचण अशी की त्या पॅकला धरायला काहीच नाही. लोक बाटल्यांच्या मधल्या खळग्यात बोटं खुपसून फिल्म फाडतात आणि तिथंच धरून उचलतात. मागच्या महिन्यात एका धर्मशाळेत एक आजी असाच पॅक घेऊन जिना चढत होत्या. फिल्म फाटत गेली आणि बाटल्या पायऱ्यांवरून गडगडत खाली आल्या. आजींना लागलं नाही, पण मी तिथंच उभी होते, माझ्या काळजाचं पाणी झालं. त्या दिवशी ठरवलं की हँडल लावायचंच.

तयार हँडल टेप मिळते ती आणली. २५ मिलीमीटर रुंद, मधे कागदाची पट्टी, दोन्ही टोकांना गम. पहिले तीन आठवडे काही तक्रार नाही. मग अचानक हँडलं सुटायला लागली. आज लावलं की उद्या दुकानात पोचेपर्यंत एक टोक मोकळं. टेप तीच, रोलसुद्धा तोच. लावणारी मुलगीही तीच.

मशीन घेण्याची ऐपत आत्ता नाही, हातानेच लावतो. आषाढीला दिंड्यांच्या ट्रकमध्ये आमचे पॅक जातात, तेव्हा गर्दीत हँडल सुटून चालणार नाही. टेप बदलू का? की फिल्मलाच भोक पाडून धरायची सोय करू? कोणी केलं असेल तर सांगा.

चाकणचा_पॅकर
ताई, टेप बदलायच्या आधी चार गोष्टी सांगा. फिल्म किती मायक्रॉनची? मधल्या काळात फिल्मचा पुरवठादार किंवा रोल बदलला का? हँडल टनेलमधून, म्हणजे फिल्म आवळणाऱ्या भट्टीतून, पॅक निघाल्या निघाल्या लावता की गार झाल्यावर? आणि टोकं नेमकी कुठं चिकटवता, वरच्या अंगाला की बाजूला?

आणखी एक. सुटलेल्या हँडलचं टोक उलटं करून बघा. गम टेपवर आहे, फिल्मवर आहे, की दोन्हीकडे थोडा थोडा?

भीमाकाठची
फिल्म ६० मायक्रॉन. हो, पुरवठादार बदललाय, जुन्याकडे माल नव्हता म्हणून. रोल येऊन महिना झाला असेल. हँडल टनेलच्या तोंडाशीच लावतो, कारण ती मुलगी तिथंच उभी असते. टोकं वरच्या अंगावर चार बोटं आणि बाजूवर दोन-तीन बोटं उतरतात.

आत्ता गोदामात जाऊन बघितलं. गम सगळा टेपवरच आहे. फिल्मवर डागसुद्धा नाही, पुसल्यासारखी स्वच्छ.

चाकणचा_पॅकर
मग टेपवर राग काढू नका. गम सगळा टेपवर राहिला आणि फिल्म कोरी, याचा अर्थ गमाला फिल्मने धरूच दिलं नाही. दोन्हीकडे गम राहिला असता, तर गम उन्हानं मऊ होऊन मधेच तुटला असं म्हणता आलं असतं. टेपबरोबर फिल्मचा तुकडा फाटून आला असता, तर फिल्म पातळ पडली. हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं. मी पंधरा वर्षं शिफ्टला हेच बघतोय, हँडल सुटलं की पहिली शिवी टेपवाल्याला बसते आणि दहातल्या बऱ्याच वेळी दोष फिल्ममध्ये असतो.

श्रिंक फिल्म एलडीपीई, म्हणजे एका जातीच्या पॉलिथिनची असते, आणि पॉलिथिनला मुळातच काही चिकटायला नाखूश असतं. त्यात फिल्म मशीनवर अडकू नये, गुळगुळीत सरकावी म्हणून बनवतानाच तिच्यात स्लिप घालतात. ही स्लिप मेणासारखी असते आणि ती हळूहळू आतून पृष्ठभागावर येते. म्हणून ताजा रोल चिकटतो आणि तोच रोल काही दिवस ठेवला की चिकटत नाही. नव्या पुरवठादाराच्या फिल्ममध्ये स्लिप जास्त असणार. अंगठा दाबून फिरवून बघा, जुन्या फिल्मपेक्षा तेलकट लागेल.

खात्री करायची तर कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. एका पॅकवर टोकं बसतात तेवढीच जागा त्याने पुसा, सुकू द्या, हँडल लावा. दुसऱ्यावर न पुसता लावा. दोन्ही पॅक पाइपला टांगून ठेवा. पुसलेला राहिला आणि न पुसलेला पडला की निकाल लागला. मात्र रोज प्रत्येक पॅक पुसत बसू नका, ही फक्त परीक्षा आहे. पुरवठादाराला सांगा, बाहेरची बाजू कमी स्लिपची हवी, हँडल टेप लागणार आहे. असं स्पष्ट सांगितलं तर ते तशी फिल्म काढून देतात. स्लिप अजिबात नको म्हणू नका, मशीनवर फिल्म ओढली जाणार नाही.

दुसरं, गरम पॅकवर हँडल लावणं आजपासून बंद. टनेलमधून निघालेली फिल्म अजून आवळत असते. तुम्ही टेप लावता आणि तिच्याखाली फिल्म सुरकुतते. मग टेप फक्त सुरकुत्यांच्या माथ्यांवर टेकलेली राहते. बाहेर एक पंखा लावा आणि तळहाताला पॅक गार लागला की मगच हँडल.

तिसरं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या अंगावर चार बोटं चिकटवणं चूक आहे. चिकटपट्टी भिंतीवरून कशी काढता? टोक धरून वर उचलता, तेव्हा ती सहज निघते. तीच पट्टी भिंतीच्या रेषेत खाली ओढून बघा, हलत नाही. वरच्या अंगावर चिकटलेली टेप माणूस उचलतो तेव्हा सोलून काढल्यासारखी निघते. वर काही चिकटवायचंच नाही, कागदाची पट्टी वरच्या पूर्ण लांबीला पुरली पाहिजे. गम सगळा उभ्या बाजूंवर, प्रत्येकी १२ सेंटीमीटर तरी. मग ओढ बाजूच्या रेषेत जाते आणि टेप दम धरते.

आणि बाजू कुठली? ज्या दोन बाजूंना फिल्म सलग आहे त्या. टनेलनंतर दोन बाजूंना गोल उघडी तोंडं राहतात, त्या बाजूंना टेप कधी लावू नका. तिथं फिल्मची कड असते, तिथूनच फाटतं.

वसईचा_गमवाला
वरच्या भाऊंनी मुद्द्याचं सांगितलंय. मी टेप कापून रोल करण्याच्या धंद्यात आहे, म्हणून गमाबद्दल थोडं.

हँडल टेपला दोन प्रकारचे गम येतात. एक हॉटमेल्ट, रबराचा. लावला की लगेच पकडतो, पॉलिथिनवर तर हाच बरा. पण उन्हात मऊ पडतो आणि ओझ्याखाली सावकाश सरकतो. दुसरा ॲक्रिलिक. ऊन सोसतो, जुना झाला तरी पिवळा पडत नाही, पण पॉलिथिनवर सुरुवातीची पकड कमी. सोलापूरकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, टेम्पोत ताडपत्रीखाली त्याहून जास्त. म्हणून ताई, तुमची टांगून ठेवायची परीक्षा सावलीत करू नका. तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, दुपारची वेळ धरून चोवीस तास. तिथं टिकलं की कुठंही टिकेल.

टेप लावल्यावर नुसती थापटू नका. गमाला दाब लागतो. कापडाचा बोळा किंवा भिंत रंगवायचा छोटा रोलर घेऊन टोकावरून जोर लावून एकदा फिरवा. पूर्ण पकड यायला एक दिवस जातो, तेव्हा जमत असेल तर आज लावलेला माल उद्या गाडीत भरा.

टेप किती लागेल याचा हिशोब: तीन बाटल्यांची रुंदी साधारण २४ सेंटीमीटर, हाताला सैल ५-६, दोन्ही बाजूंना १२-१२. म्हणजे ५४ सेंटीमीटर. १००० मीटरच्या रोलमध्ये अठराशेच्या आसपास हँडलं. तुमची सध्याची टेप आखूड कापलेली असेल, भाव बघताना हे धरा.

फिल्मला भोक पाडण्याचं मनातून काढा. डायपरच्या किंवा टिश्यूच्या पुडक्याला ते चालतं, ते हलकं असतं. १२ किलो पाण्याला ६० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये भोक म्हणजे फाटायला केलेली सुरुवातच.

रंकाळा_किराणा
मी दुकानदार, मला वेगळंच म्हणायचंय. १२ किलो एका हातात कशाला द्यायचं? हँडल लागलं की माणूस एकाच हाताने उचलणार, कमरेतून वाकडा होणार. त्या आजी हँडल असतं तरी बारा बाटल्या घेऊन जिना चढू शकल्या असत्या का? सहा बाटल्यांचा पॅक काढा, सहा किलो. माझ्याकडे एकट्या बायका आणि म्हातारी माणसं बारा बाटल्यांचा पॅक फोडून चार-पाच सुट्ट्या बाटल्याच मागतात. सहाचा असता तर अख्खा नेला असता.

भीमाकाठची
दादा, हे मनाला लागलं. सहाचा पॅक केला तर फिल्म जास्त लागेल, टेपही दुप्पट. पण घरगुती गिऱ्हाइकांसाठी वेगळा आणि लग्नकार्य, दिंडी यांच्यासाठी बाराचा, असं करता येईल. दिरांशी बोलते.

श्टुटगार्टहून
इथं जर्मनीत हा प्रकार रोजचा आहे. दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा पॅक, म्हणजे नऊ किलो, आणि वरून हँडल. गाडी नसल्यामुळे मी आठ वर्षं असे पॅक ट्रामने घरी आणलेत, म्हणून हाताच्या बाजूने सांगते. पट्टी दोरीसारखी वळते का, हे बघा. मधला कागद पातळ असला तर दोन मिनिटांत टेप गुंडाळली जाते आणि बोटांच्या पेरांवर लाल वळ उठतात. चांगल्या हँडलचा मधला भाग रुंद आणि कडक असतो, सपाट राहतो. बोटं दोन झाकणांच्या मधून खाली शिरतात, त्यामुळे पट्टी फार सैल ठेवायची गरज पडत नाही. फार सैल असली तर पॅक चालताना पोटरीवर आपटत राहतो.

वसईचा_गमवाला
बरोबर. ताई, २५ मिलीमीटर सहाच्या पॅकला ठीक. बाराला ३५-४० घ्या आणि मधे जाड कागद किंवा फोमची पट्टी मागा. पावसाळ्यात कागद भिजतो, तेव्हा आषाढीच्या मालाला प्लास्टिकची पट्टी बरी.

हिरवी_वाट
प्लास्टिकबंदीत हे बसतं का? पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा कमी चालत नाही ना?

चाकणचा_पॅकर
१२० मायक्रॉनची अट कॅरीबॅगची आहे, ३१ डिसेंबर २०२२ पासून. नियमांतल्या कॅरीबॅगच्या व्याख्येतून माल आधीच सील केलेलं वेष्टण वगळलेलं आहे. तेव्हा हँडल लावलं म्हणून श्रिंक पॅकची कॅरीबॅग होत नाही. पण वेष्टणाच्या प्लास्टिकची उत्पादकाची जबाबदारी आणि नोंदणी हा वेगळा विषय आहे, त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्या.

हिरवी_वाट
धन्यवाद. एक विनंती. टेप बीओपीपीची आणि फिल्म एलडीपीईची, दोन वेगळी प्लास्टिकं. भंगारात एकत्र गेली की फिल्मचा दर्जा घसरतो. हॉटेल आणि धर्मशाळांना सांगा की हँडल कापून वेगळं काढा आणि फिल्म वेगळी साठवा. कापायला पाच सेकंद लागतात.

भीमाकाठची
बारा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला. तुम्ही सांगितलेली परीक्षा केली. शेडमधल्या पाइपला चार पॅक टांगले: नवी फिल्म न पुसता, नवी फिल्म पुसून, जुन्या फिल्मचा उरलेला तुकडा वापरून, आणि चौथा गरम असताना लावलेला. संध्याकाळी सहाला टांगले. रात्री साडेनऊला पहिला पडला, आवाजाने सासूबाई उठून आल्या. गरम असताना लावलेला पहाटे. पुसलेला आणि जुन्या फिल्मचा, दोघंही दुसऱ्या दिवशीच्या उन्हात चार वाजेपर्यंत टिकले. जुन्या फिल्मच्या हँडलचं एक टोक दोन मिलीमीटर सरकलं होतं, पेनाची खूण केली होती म्हणून कळलं.

पुरवठादाराशी बोलले. आधी म्हणाले फिल्म एक नंबर आहे. पुसलेल्या आणि न पुसलेल्या पॅकचे फोटो पाठवले तेव्हा कमी स्लिपचा रोल द्यायला तयार झाले. तोवर पंखा लावलाय, लावणाऱ्या मुलीचं टेबल टनेलपासून आठ फूट लांब नेलंय आणि वरच्या अंगाला चिकटवणं बंद केलंय. एवढ्यानेच तक्रारी निम्म्यावर आल्या. सहाचा पॅक पुढच्या आठवड्यात सुरू.

नगरची_मसालेवाली
ताई, माझ्याकडे पाच किलो मसाल्याचे श्रिंक पॅक आहेत, मलाही हँडल लावायचंय. हाताने लावताना दोन्ही बाजू सारख्या कशा येतात? माझं एक टोक नेहमी आखूड राहतं आणि पॅक तिरका लोंबतो.

भीमाकाठची
दिरांनी एक फळी बनवलीय. प्लायवूडचा तुकडा, पॅक बरोबर बसेल अशा तीन बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकल्यात. समोरच्या आणि मागच्या पट्टीवर मधोमध लाल रंगाची रेघ, आणि टेप जिथं संपली पाहिजे तिथं आडवा खिळा, डोकं कापून घासलेला. पॅक फळीत सरकवायचा, टेपचं टोक समोरच्या खिळ्याला टेकवून वर न्यायचं, मधे आपला डावा हात आडवा ठेवायचा म्हणजे सैल आपोआप सुटतो, आणि मागं दुसऱ्या खिळ्यापर्यंत उतरवायचं. मग हात काढून दोन्ही बाजूंना रोलर. मुलीला एका पॅकला वीस सेकंद लागतात. तुमच्या पॅकची लांबी, रुंदी, उंची कळवा, दीर मापं काढून कागदावर आखून देतील, फोटो इथंच टाकते.