मदत हवी आहे: लिफ्टमध्ये वायफाय, आत माणूस, आणि सिम्युलेशनमध्ये एसएआर (शरीराच्या दर किलोत मुरणारी पॉवर) भलताच येतोय

अर्धा_इंजिनियर

नमस्कार मंडळी, जरा पाल्हाळ होईल पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मोबाईलला रेंज शून्य. मागच्या महिन्यात लाईट गेली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पाऊण तास आत अडकल्या, इंटरकॉम बंद, फोन लागेना, शेवटी दार बडवल्याचा आवाज दूधवाल्याने ऐकला. मग मीटिंगमध्ये ठरलं की लिफ्टच्या छताला एक वायफाय राउटर लावू, वायफाय कॉलिंगवर फोन तरी लागेल. तर एक आजोबा उठले आणि म्हणाले, "अहो पत्र्याचा बंद डबा, त्यात वायफाय, म्हणजे मायक्रोवेव्हच झाला की! फ्रिक्वेन्सीसुद्धा तीच." आता फ्रिक्वेन्सी खरंच तीच आहे, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, त्यामुळे मला पटकन काही सुचेना.

वर मी अतिशहाणपणा केला. घरच्या मायक्रोवेव्हची खालची फिरती रिंग काढली, काच नुसतीच ठेवली, त्यावर कच्चा उडदाचा पापड, वीसेक सेकंद. पापड ठिकठिकाणी फुलला आणि मध्ये मध्ये तस्साच कच्चा, फुललेल्या दोन ठिपक्यांत साधारण सहा सेंटीमीटर अंतर, म्हणजे बरोब्बर अर्धी वेव्हलेंग्थ. मला सांगायचं होतं की बंद डब्यात लहरी अशा उभ्या राहतात. आजोबांनी पापड हातात घेऊन सगळ्यांना दाखवला, "बघा, माणूसही असाच जागोजागी भाजणार." झालं. मग मी सगळ्यांसमोर म्हणालो की मी सिम्युलेशन करून आकडेच दाखवतो.

आता खरा प्रश्न. ओपनईएमएस हे लहरींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर वापरतोय, फुकट आहे आणि पायथनमधून चालतं. लिफ्ट १.१ x १.० x २.२ मीटर, सहाही बाजू पीईसी (लहर पूर्ण परतवणारा आदर्श धातू), दार पूर्ण बंद. माणूस म्हणजे २३ सेंमी व्यासाचा, १.७ मीटर उंच सिलिंडर, आत सगळं मसल म्हणजे स्नायू (विद्युत गुणधर्म एप्सिलॉन ५२.७, सिग्मा १.७४), वजन ७४ किलो येतं. छताला छोटा डायपोल अँटेना, पॉवर १०० मिलिवॉट धरली. ग्रिड (जागेचे छोटे चौकोनी तुकडे) ४ मिमी, कारण लॅपटॉप १६ जीबीचा. टाइमस्टेप (वेळेचे टप्पे) ५०००, तासाभरात रन संपतो.

उत्तर काय येतंय बघा. पूर्ण शरीराचा सरासरी एसएआर ०.०१९ वॉट प्रति किलो आणि पीक (सगळ्यात जास्त, एका ठिकाणचा) १४! भारतात हँडसेटला १ ग्रॅमवर १.६ ची मर्यादा आहे. म्हणजे आजोबा बरोबर?? रविवारी परत मीटिंग आहे. ग्रिड बदलून पाहिलं, डायपोल सरकवून पाहिला, दर वेळी वेगळंच काहीतरी. कुठे माती खातोय?

चिंटूचे_बाबा

पापडाचा किस्सा भारी 😂 तांत्रिक काही कळत नाही पण एक विचारू का, लाईट गेल्यावर काकू अडकल्या म्हणता, मग लाईट नसताना राउटर कशावर चालणार?

अर्धा_इंजिनियर

@चिंटूचे_बाबा ... 🙏 हे मीटिंगमध्ये एकालाही सुचलं नाही. लिफ्टच्या इमर्जन्सी दिव्याला बॅटरी आहे, तिच्यावरून घेता येतं का बघतो.

आरएफ_काका

अरे बाबा, आधी सॉफ्टवेअर बंद कर आणि कागद घे.

०.०१९ गुणिले ७४ किती? १.४ वॉट. तू डब्यात टाकलेस ०.१ वॉट. बाकीचे १.३ वॉट आले कुठून, विहिरीतून? शरीरात मुरलेली पॉवर टाकलेल्या पॉवरपेक्षा जास्त असूच शकत नाही, हा हिशोब जुळत नसेल तर त्या रनमधला एकही आकडा कुणाला दाखवायचा नाही. मी वीस वर्षं अँटेनाचं काम करतोय, आजही कुठलाही रन आला की आधी हाच हिशोब.

आणि याच हिशोबाने तुझ्या आजोबांचं उत्तरही सिम्युलेशनशिवाय मिळतं. सगळ्यात वाईट धरू: दार ठार बंद, भिंतीत काही मुरत नाही, राउटर एक क्षणही न थांबता पाठवतोय, आणि सगळेच्या सगळे १०० मिलिवॉट एकट्या माणसात गेले. ०.१ भागिले ७४, म्हणजे ०.००१३५. सामान्य लोकांसाठी पूर्ण शरीराची आयसीएनआयआरपीची (रेडिएशनपासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मर्यादा ०.०८ वॉट प्रति किलो आहे. जवळजवळ ६० पट खाली. १५ किलोचं पोर एकटं उभं असलं तरी १२ पट खाली. डबा कितीही चांगला असो, तो एनर्जी साठवतो, तयार करत नाही. मायक्रोवेव्हमध्ये ८०० वॉट असतात, म्हणजे तुझ्या राउटरच्या ८००० पट, फ्रिक्वेन्सी एक असून काय उपयोग.

आता तुझं काय चुकलं. लॉगमध्ये डब्यात उरलेली एनर्जी किती डीबीवर थांबली ते सांग, आणि एस वन वन (अँटेनातून परत येणाऱ्या पॉवरचं माप) किती होता.

अर्धा_इंजिनियर

काका, खरंच डोक्यातच आलं नाही 🤦 गुणाकार केला असता तर इथे यायची वेळ आली नसती. लॉगमध्ये शेवटची एनर्जी उणे ६ डीबी दिसतेय. एस वन वन २.४५ ला उणे ०.३ डीबी, आणि थोडं बाजूला एके ठिकाणी तर शून्याच्या वर जातोय, ते मी प्लॉटमधला गोंधळ समजून सोडून दिलं होतं.

आरएफ_काका

तिथेच चोर पकडायचा होता. पॅसिव्ह (स्वतः पॉवर न बनवणाऱ्या) वस्तूचा एस वन वन शून्य डीबीच्या वर, म्हणजे टाकल्यापेक्षा जास्त पॉवर परत, असं दिसलं तर रन अर्धवट कापलाय.

नीट समजून घे. तू एक पल्स सोडतोस, ती डब्यात आपटत राहते. उघड्यावर असती तर पीएमएलमध्ये (मॉडेलच्या कडेची लहरी गिळणारी सीमा) विरून दोन मिनिटांत विषय संपला असता, इथे तिला जायला जागाच नाही, फक्त तुझा मसलचा खांब तिला थोडी थोडी खातो. एक माणूस आत असला की अशा डब्याचा क्यू (लहर किती वेळ टिकते त्याचं माप) साधारण ४०० च्या घरात येतो, म्हणजे एनर्जी विरण्याचा टाइम कॉन्स्टंट २७ नॅनोसेकंद. तुझ्या ४ मिमी ग्रिडला एक टाइमस्टेप ७.७ पिकोसेकंदाची, ५००० स्टेप म्हणजे ३८ नॅनोसेकंद. घंटा अजून वाजतेय आणि तू रेकॉर्डिंग बंद केलंस. त्या अर्धवट सिग्नलचा फूरिए घेतला (फ्रिक्वेन्सीनुसार फोड केली) की पोर्टची, म्हणजे अँटेनाला दिलेली, पॉवर काहीही येते. तुझ्याकडे ती चुकून फार कमी आली, त्या इवल्या आकड्याने भागून तू १०० मिलिवॉटवर नॉर्मलाइज केलंस, म्हणून सगळं चौदा पट फुगलं. बाकी काही नाही.

उणे ४० डीबीपर्यंत जाऊ दे. हिशोबाने ३२ हजार स्टेप लागतील, तुझ्या लॅपटॉपवर सहा-सात तास. रात्री लावून झोप. माणूस काढून रिकामी पीईसी लिफ्ट मात्र कधी चालवू नकोस, ती विरणारच नाही, म्हातारा होशील.

मेश_मावशी

काकांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. मी एमआरआय कॉइलच्या सिम्युलेशनमध्ये काम करते, शरीराची बाजू रोज बघते.

एक, तो १४ चा पीक एका व्होक्सेलचा (ग्रिडमधल्या एका खोक्याचा) आहे ना? तो १.६ शी ताडायचाच नाही. मर्यादा १ ग्रॅमच्या सरासरीवर आहे, म्हणजे साधारण १ सेंमीचा घन. गोल सिलिंडर चौकोनी खोक्यांत बसवला की कडेला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात आणि त्या कोपऱ्यांवर एखादा व्होक्सेल उगाच बोंबलतो.

दोन, हवेत वेव्हलेंग्थ १२ सेंमी, पण मसलमध्ये शिरली की १.७ सेंमी. ४ मिमी ग्रिड म्हणजे एका लहरीला जेमतेम चार खोकी, आठ-दहा तरी हवीत. सगळीकडे २ मिमी केलंस तर ३० कोटी खोकी होतात, नुसत्या फील्डलाच ७ जीबी आणि गुणकांचे वेगळे, तुझा लॅपटॉप आडवा पडेल. ग्रिड असमान ठेव. मसलमध्ये दोन-सव्वादोन सेंमीवर फील्ड ३७ टक्क्यांवर येतं, म्हणजे सगळं नाटक शरीराच्या कातड्याजवळच चालतं. तिथे २ मिमी, पोटात आणि दूरच्या हवेत जाड. तेवढ्याने खोकी आटोक्यात येतील. फक्त टाइमस्टेप सगळ्यात बारीक खोक्यावरून ठरते, म्हणून ती निम्मी होईल आणि स्टेप दुप्पट, हे धरून चाल.

तीन, आणि हे महत्त्वाचं. डायपोल सरकवला की उत्तर बदलतं म्हणालास, ते बदलणारच. एवढ्या डब्यात २.४५ पर्यंत ११ हजारांच्या आसपास मोड (उभ्या लहरींचे नमुने) बसतात, दर मेगाहर्ट्झला १३-१४. माणसाने नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेतली तरी चित्र पालटतं. त्यामुळे एका जागेचं रंगीत चित्र छापून मीटिंगला नेऊ नकोस, आजोबा लाल ठिपक्यावर बोट ठेवतील. माणसाच्या पाच-सहा जागा घे, फ्रिक्वेन्सी थोड्या हलव, सरासरी आणि सगळ्यात वाईट असे दोनच आकडे ने.

कोकणी_बंधू

कुणी रिपीटर किंवा बूस्टर लावा म्हणून सांगेल, ते ऐकू नका. परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे आणि आजूबाजूच्या टॉवरला त्रास होतो तो वेगळाच. वायफायच बरा. आणि आजोबांना हेही सांगा, की रेंज अगदी कमी असली की खिशातला फोनच टॉवरपर्यंत पोचायला जोर लावतो, फोरजी फोन २०० मिलिवॉटपर्यंत जातो, तोही अंगाला चिकटून. छतावरच्या राउटरच्या दुप्पट.

अर्धा_इंजिनियर

अपडेट: दोन रात्री लॅपटॉपच्या पंख्याने झोपू दिलं नाही, पण झालं! दाराच्या मधोमध २ मीटर उंच, ५ मिमी रुंद फट दिली, बाहेर पीएमएल. एनर्जी उणे ४० च्या खाली, एस वन वन आता कुठेच शून्याच्या वर नाही. सरासरी एसएआर ०.००१२, म्हणजे ७४ किलोत ८९ मिलिवॉट, उरलेले ११ फटीतून बाहेर. काका, हिशोब जुळला!! १ ग्रॅमचा पीक ०.०२ च्या आसपास, सगळ्यात वाईट जागेलाही.

मीटिंगला चित्र नेलं नाही, फक्त भागाकार फळ्यावर लिहिला. आजोबांनी स्वतः मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ०.१ भागिले स्वतःचं वजन करून पाहिलं, मग म्हणाले, "ठीक आहे, पण राउटर चांगल्या कंपनीचा आणा." बॅटरीचंही ठरलं.

एक शेवटची शंका. लिफ्टच्या पंख्याला जाळी आहे, १२ मिमीची गोल भोकं. ती मॉडेलमध्ये घ्यायची का?

आरएफ_काका

सोड. १२ मिमीच्या भोकातून २.४५ ची लहर धडपणे निघत नाही, त्या भोकाचा कटऑफ (ज्याच्या खालची लहर आरपार जात नाही) १४ गिगाहर्ट्झच्या वर आहे. भोक किंवा फट किती रुंद यापेक्षा किती लांब हे बघायचं असतं, म्हणून दाराची फट ठेवलीस ते बरोबर. आणि तो पापड खाल्लास की फेकलास?

अर्धा_इंजिनियर

आजोबांनी खाल्ला. फुललेला भाग तेवढा.