मधल्या सुट्टीतली चिडवाचिडवी: माफी मागायला लावावी का?

प्रश्न (कोथरूड): सहावीचा वर्ग. एका मुलाला टोळक्याने 'ढोल्या' म्हणणं, डबा पळवणं, व्हॅनमध्ये सरकून जागा न देणं रोजचं झालंय. दोन्ही बाजूंना समोर बसवून, माफी मागायला लावून मिटवावं का?

उत्तर: समोरासमोर अजिबात नको. भांडणात दोघं बरोबरीचे असतात, इथे जोर एकाच बाजूला आहे. माफी बाईंसमोर मिळते, वचपा जिन्यात निघतो. आधी त्रास सोसणाऱ्याशी एकट्याशी बोला. मग टोळक्यातल्या प्रत्येकाला वेगळं बोलवा, पण एकाच तासात, लागोपाठ. नाहीतर मधल्या सुट्टीत सगळ्यांची उत्तरं एकसारखी होतात. आठवड्याने आणि महिन्याने त्या मुलाला पुन्हा विचारा. हे नेमकं राहून जातं.

उत्तर: शाळेचा साधा आराखडा काढून वाटा. जिथे जायला नको वाटतं तिथे मुलांनी फुली मारायची, नाव लिहायचं नाही. फुल्या बहुधा स्वच्छतागृहाचं दार, जिन्याचं वळण, व्हॅनची मागची सीट इथेच पडतात. सुट्टीत शिक्षक तिथे उभे करा, व्हॅनकाकांना कोण कुठे बसणार ते लिहून द्या. आणि तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, कॅमेऱ्याखाली लावली तर रिकामीच राहणार!

उत्तर: बघ्यांना विसरू नका. 'मध्ये पड' असं बघ्याला सांगितलं तर तोही मार खातो. 'चल, पाणी प्यायला येतोस?' एवढं म्हणून त्रास सोसणाऱ्याला तिथून बाहेर काढणं पुरे. वर्गात जोड्या करून हे वाक्य चार-पाचदा म्हणवून घ्या. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा, म्हणजे मुलांना मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम असू द्या.